पंडितकाकाला दगड मारायचा कुणी?

सांगून ठेवतो, दंगलीचा सीन आख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्यासारखा कुणी घेऊ शकत न्हाई! मोबाईलवर बघू बघू शिकलोय. पिक्चर आमच्याच गल्लीचा. रिकामी पोरं, त्यांना उठसूट हटकणारा फौजदार, आन् शेवटी गल्ली भडकते. तेवढा शेवटच राहिलता. कॅमेरा केदारनाथचा. चार वाजता तो तेलगावच्या लग्नात शूटिंगला जाणार, पुढं आख्खी लगीनसराई बुक. म्हणजे आज न्हाई तर गेला पिक्चर!

फौजदार केला रिक्षावाल्या पंडितकाकाला. खाकी वर्दी त्याच्याच पोटाला बसली.

"ॲक्शन!"

पन्नास माणसं, थर्माकोलचे दगड. एक बी काकाला लागंना! सगळे असा नेम चुकवायलेत, जसा काका म्हंजे देवळाचा कळस.

"मारा की!"

"कसं मारावं रं?" छबुमावशी म्हणली. "डेंग्यूत माझ्या सुनेला ह्यानंच दवाखान्यात नेलं."

"माझ्या बापाला बी!"

"आमच्या घरच्या चौघांला!"

दुसरा टेक. ऐन दंगलीत मावशी तांब्या घेऊन फौजदारापुढं! "पंडित, ऊन लई हाय, पाणी पी." फौजदार घटाघटा प्याला.

साडेतीन! माझं डोकंच फिरलं. राग कसा असतो ते दाखवावं म्हणून घुसलो, काकाची कॉलर धरली. "ए ढेरपोट्या, निघ हितून!" आन् थर्माकोल हाणला डोक्यात.

गल्लीनं हातातले थर्माकोल टाकून दिले.

मग पहिली चप्पल आली, मावशीची. थेट कानावर!

"पंडितला हात लावतो व्हय रं!"

खराटे, बादल्या, आख्खी गल्ली माझ्या मागं!

"अहो, मी डायरेक्टर हाय!"

"म्हणूनच!"

नालीत पडलो, पाय मुरगळला. तेवढ्यात काका हात पसरून आडवा झाला. "बास! आपलंच लेकरू हाय!" वर्दीतच मला उचललं, रिक्षात घातलं.

मी कण्हतोय, पिक्चर बुडाला. केदारचा फोन आला. "अभ्या, कॅमेरा चालूच होता बे! असली दंगल मी जन्मात पाहिली न्हाई!"

रडूच आलं. काकाचे पाय धरणार होतो, पण माझाच वाकंना.

शेवट बदलला. आता फौजदारच पोराला वाचवतो. गल्लीत पडदा लावून दाखवला, तर मला चप्पल बसली तो तुकडा लोकांनी चारदा लावायला लावला. मावशी पुढच्या रांगेत. "बघितलं का, माझा नेम कधी चुकत न्हाई!"

आभारात पहिलं नाव काकाचं टाकलंय, दुसरं मावशीचं. तिची चप्पल तेवढी अजून माझ्याकडंच हाय. परत द्यायचं धाडस व्हईना!