ठिबकनानांचं कडेचं वावर

बारशाला लोक झबलं-टोपडं नेतात. आमचे शेजारी ठिबकनाना हात हलवत जातात आणि पाळण्यात डोकावण्याआधी आईला विचारतात, "पोर कितला हप्तानं व्हतं? डोयाना पडदा देखाडा का?" दिवस पुरे भरलेले असतील तर पेढा खातात. नसतील तर पेढा बाजूला ठेवून खिशातून काळ्या नळीचा तुकडा काढतात, आणि मग यजमानांचं काही खरं नसतं.

चोपड्याच्या निम्म्या केळीबागांना ठिबक नानांनीच बसवलंय. सोबत त्यांचा पंचविशीतला मुलगा सुभाष. तान्हेपणापासून आंधळा, पण तुंबलेली नळी नुसत्या बोटांनी शोधतो.

माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यातच आली. जळगावला काचेच्या पेटीत राहून घरी आली. 'तीस दिवसांच्या आत डोळे तपासा' असं दवाखान्याच्या कागदावर होतं. पण माझ्या आईनं फर्मान काढलं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडणार नाहीत. डोळे तर कसे टपोरे! मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी मान डोलावली.

सव्विसाव्या दिवशी नाना आमच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसले. नळी बाहेर आली.

"मास्तर, डोयामा एक कॉक शे. तठून रगतन्या नळ्या निंघतीस."

दिवस भरेपर्यंत त्या डोळ्यातल्या पडद्याच्या कडेला पोचतात, नाना सांगत होते. पोर आधीच आलं तर नळ्या अर्ध्या वाटेवर. कडेचं वावर कोरडं. ते रक्तासाठी बोंब मारतं, मग भलत्याच नळ्या फुटतात, कच्च्या आणि गळक्या, आणि पडदाच ओढून काढतात. वरून डोळा आपला टपोराच!

"सव्वा महिना होऊ द्या, मग नेऊ," आई म्हणाली.

"अक्का, देव थांबी. नळी थांबाव नही."

गाडीतली नळ्यांची भेंडोळी त्यांनी आमच्या अंगणात उतरवली आणि आम्हाला जळगावला नेलं. आई पुटपुटत का होईना, गाडीत बसली.

डॉक्टर तपासता तपासता गंभीर झाले. भलत्या नळ्या फुटू लागल्या होत्या. आजच लेसरनं कडेचा कोरडा भाग जाळायचा, म्हणजे त्याची मागणी थांबेल. मी दोनदा विचारलं, "जाळायचा?" नाना मात्र खूश.

"कडनं वावर पडीत टाकानं, मधलं वाचाडानं!"

"यापेक्षा सोपं मलाही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात नाना बाकावरच्या दुसऱ्या आईबापांना नळी दाखवू लागले होते.

पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण केलं. बोरं, चुरमुरे, हलवा उधळला, पोरं तुटून पडली. काळ्या झबल्यातली आमची बाई सगळं सोडून भिंतीपर्यंत रांगत गेली आणि फरशीवरचा एक तीळ दोन बोटांनी उचलला.

"देखस! पोरगी तीळ देखस!" नाना अक्षरशः नाचले. आई हसता हसता रडली. हल्ली गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला डोळे तपासायची तारीख तीच विचारते.

नानांनी तो तीळ पोरीच्या मुठीतून सोडवून घेतला आणि टोपी विसरून घरी गेले. मी टोपी घेऊन मागोमाग गेलो. ओट्यावर सुभाष बसला होता. नानांनी त्याच्या तळहातावर तीळ ठेवला.

"हाऊ देखा तिनी."

सुभाषनं तो बोटांत फिरवला आणि मोठ्यानं हसला. "इतला बारीक?"

नानांनी मला पाहिलं. "हाऊबी सातव्या महिनाना, मास्तर. याना सव्वा महिना मीच मोजा व्हता."

मी टोपी पुढे केली.

सुभाष तीळ चावत म्हणाला, "नाना, आते पुढलं बारसं कोठे शे?"