उपरण्याखालची धडधड

ईट गावच्या सिद्धारामआप्पांचा चेहरा जनावरांच्या बाजारात नावाजलेला होता. मनात पोळा चालला असला तरी तोंडावर सुतक! त्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. पण मध्यंतरी त्यांना घेरी आली आणि नर्सिंग शिकणाऱ्या अर्पितानं बापाच्या मनगटावर घड्याळ चढवलं. आतच सिमकार्ड, आप्पांचे ठोके थेट लेकीच्या मोबाइलवर.

“शंभरच्या वर गेलं की हे थरथरंल. मग निवांत बसायचं,” ती म्हणाली.

“आन् मी तोंडावर काय दिसूच दिलं न्हाय तर?”

“तोंड तुमचं ऐकतंय, आप्पा. काळीज ऐकत न्हाय. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींची गाठ असती. ती विजेचा झटका देती, मग आधी वरचे कप्पे आवळतात, मागनं खालचे, आन् रगत पुढं जातंय. माणूस घाबरला, हरखला, की किडनीवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. मग ती गाठ घाई करती.”

“म्हंजी मोटारीचा स्टार्टर.”

“व्हय. पण बटन तुमच्या हातात न्हाय.”

आप्पा हसले आणि दावं घेऊन येरमाळ्याच्या बाजाराला निघाले. गोठा कधीचा रिकामा होता आणि बायकोनं, उमादेवींनी, बजावलं होतं, “गाय आणा, न्हाय तर काळा चहा प्या.”

बाजारात दगडोबाची देवणी गाय दिसली आणि आप्पा जागीच विरघळले. हीच न्यायची! तोंडानं मात्र म्हणाले, “जरा बारीकच वाटती.”

दगडोबानं उपरणं पसरलं. भाव चारचौघांत बोलायचा नाही, उपरण्याखाली हात धरून बोटं दाबायची, ही तिथली रीत. दगडोबानं बोटं दाबली. भाव बरा होता. आप्पांचं तोंड आंबट झालं आणि मनगट म्हणालं, घर्रर्र!

“काय वो हे?” दगडोबा दचकला.

“लेकीनं दिलंय. ठोके वाढले की वाजतंय,” आप्पा भोळेपणानं बोलून गेले आणि जीभ चावली.

दगडोबा गालात हसला. पुढचा भाव चढाच आला. आप्पांनी डोळे मिटून लांब श्वास घेतले, सोसायटीच्या सभेतली भाषणं आठवली. घड्याळ शांत झालं. दगडोबा जरा खाली उतरणार, तेवढ्यात गायीनं आप्पांचा कान चाटला. घर्रर्र!

“गाय बारीक हाय म्हणत होता न्हवं?” दगडोबा खिदळला.

आप्पांनी घड्याळच काढलं. “लई हसताय. तुमी घाला की!”

“घाला. आपण मेल्यावानी थंड असतोय.”

पट्टा बसला. आप्पा दावं खांद्यावर टाकून वळले. “ऱ्हाऊ द्या, दगडोबा. पलीकडं म्हैस बरी दिसली.”

घर्रर्र! घर्रर्र!

आप्पा जागच्या जागी फिरले. आता उपरण्याखाली त्यांचीच बोटं बोलू लागली आणि वाजवी भावात गाय त्यांची झाली. आनंदाच्या भरात ते असे सुटले की थेट ईटलाच थांबले. उमादेवींनी गायीला ओवाळलं. आप्पांचे तर डोळेच भरून आले.

तेवढ्यात अर्पिता मोबाइल घेऊन धावत आली. “आप्पा, खाली बसा! ठोके एकशे चाळीस! छातीत दुखतंय का?”

“मी तर वैरण टाकायलोय,” आप्पा म्हणाले आणि मनगटाकडं बघतच राहिले. मनगट मोकळं होतं. “अगं, ते दगडोबाचं काळीज हाय! जिता हाय का बघ!”

अर्पितानं घाबरून घड्याळालाच फोन लावला. पलीकडून दबका आवाज आला.

“आप्पा, तुमच्या पाया पडतो, हे काढायचं कसं सांगा! गायीचं किती आलं म्हणून बायको इचारायलीय. मी जरा कमी सांगितलं की हे वाजतंय, आन् ते का वाजतंय हे तिला आता समजलंय!”

आप्पांचा चेहरा नेहमीसारखा सुतकी झाला.

“मला काय म्हाईत, दगडोबा. लेक कालिजातनं आली की इचारतो.”

शेजारी उभ्या अर्पितानं तोंडात पदर कोंबला.