म्हातारा उघडला, साफ केला, पण एक स्प्रिंग उरली

कार्बोरेटर या वस्तूचा लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय, असं माझं मत होतं. बाटलीएवढा तो तुकडा. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने पेट्रोल येतं, दोघांची आत भेट होते आणि इंजिन खूश होतं. यात अवघड काय आहे? ज्या माणसाने घरचा मिक्सर स्वतः दुरुस्त केलाय (तो आता एकाच वेगावर चालतो, पण चालतो) त्याला कार्बोरेटर म्हणजे किस झाड की पत्ती.

हे सगळं मी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता, मोठ्या आवाजात बोलून बसलो.

निमित्त असं झालं की, सासरे पित्ताशयाच्या खड्यांसाठी दवाखान्यात होते. ऑपरेशन सुरळीत झालं होतं, शनिवारी घरी सोडणार होते. इकडे त्यांच्या घरामागच्या बागेत गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. ते कापायला त्यांच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे. बसून चालवायचा, खाली पाती असलेला, माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठा. सासरे त्याला रोज फडक्याने पुसतात. सासूबाई त्याला ‘आमची सवत’ म्हणतात. सासऱ्यांखेरीज त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. मी लावला. किल्ली फिरवली. तो खाकरला, आणखी एकदा खाकरला आणि गप्प झाला.

“कार्बोरेटर,” मी निदान केलं. “तासाभराचं काम आहे. बाबा येतील तेव्हा गवत गालिच्यासारखं झालेलं असेल.”

“आपण मेकॅनिकला बोलावू या ना,” बायको म्हणाली.

“राहू दे गं,” सासूबाई म्हणाल्या. “एवढे म्हणतायत तर करू देत.” आणि त्यांनी मला पार्ट धुवायला स्वतःची स्टीलची परातसुद्धा दिली. जावयावर इतका विश्वास टाकणारी सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मी कामाला बसलो. खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढत गेलो, म्हणजे जोडताना अडचण नको. पद्धतशीर माणूस आहे मी. आत चहाच्या गाळासारखा काळा थर होता. मी सगळं पेट्रोलमध्ये बुडवलं, घासलं, फुंकलं. पेट्रोल येतं ते केसाएवढं भोक साफ करायला बायकोची शिवणाची सुई घेतली.

“माझी सुई कुठंय?” थोड्या वेळाने आतून आवाज आला.

“काम चालू आहे तिचं.”

“पेट्रोलचा वास लागेल तिला.”

“ती आता कधीच गंजणार नाही,” मी म्हणालो. यावर आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. संसारात असं बरेचदा होतं.

दुसऱ्या दिवशी जोडायला घेतलं तेव्हा फोटो उघडले. एकूण एक फोटोत माझा अंगठा आला होता. त्याच्या मागे कुठेतरी कार्बोरेटर होता. मग मी अंदाजाने जोडत गेलो. नळ्या बसवल्या, स्क्रू आवळले, हाताला जे जे लागलं ते सगळं एकेकदा फिरवून पाहिलं. शेवटी सगळं जागच्या जागी बसलं आणि परातीत एक स्प्रिंग उरली. बारीक, दोन्ही टोकांना आकडे असलेली.

आता मात्र मी मेकॅनिकला फोन लावला. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरला तो म्हातारा म्हणतो, म्हणून मीही म्हणालो.

“अहो, म्हातारा उघडला मी,” मी म्हणालो. “आत नुसता गाळ. सगळं बाहेर काढून धुतलं. परत बंद केलं, पण एक तुकडा बाहेर राहिला.”

मेकॅनिक हबकला. “उघडायला कुणी सांगितलं होतं?”

“खाकरत होता आणि गप्प होत होता. काय करणार? आता खालून थोडी गळती आहे. परत उघडू की असाच ठेवू?”

“असाच ठेवा. शनिवारी दुपारी येतो मी. तोवर काही करू नका.”

“शनिवारपर्यंत काढेल का?” मी हसत म्हणालो. “नाही तर काय, भंगारात.”

याच वेळी माझ्या पाठीमागे, दारात, पिशवी हातात धरून बायकोची आत्या उभी होती. सासऱ्यांची सख्खी बहीण. भावाला भेटायला म्हणून नुकतीच गाडीतून उतरून आली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की, आत्याबाई तडक आत गेल्या आणि बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ फोनवर बोलत राहिल्या. मला वाटलं, प्रवासाने दमल्या असतील.

मेकॅनिकने काही करू नका म्हणून बजावलं होतं. पण मोकळी स्प्रिंग समोर असताना माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. दोन भोकं शोधली, दोन्हीत आकडे अडकवले. छान ताणून बसली.

शनिवारी सकाळी बायको बाबांना आणायला गेली. मी ट्रॅक्टरवर बसलो, किल्ली फिरवली आणि तो सुरू झाला. असा सुरू झाला की, कंपाउंडवरचे कावळे उडाले. मी वेग कमी करायचा दांडा खाली केला. वेग वाढला. आणखी खाली केला, आणखी वाढला. स्प्रिंग उलटी बसली होती. घाबरून किल्ली बंद केली, तर ती गोल गोल फिरत राहिली. ती नुसती चालू करण्यापुरतीच उरली होती. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला टेकला.

मी स्टिअरिंग घट्ट धरून बागेला फेऱ्या मारू लागलो.

पहिल्या फेरीत फाटकाशी एक मोटार थांबलेली दिसली. दुसऱ्या फेरीत तीन. तिसऱ्या फेरीत बायकोचे काका, मावशी आणि माझे साडू ओळीने गवतात उभे होते. चेहरे पार उतरलेले. मावशींच्या डोळ्यांना पदर.

“कसे गेले?” साडूंनी हाक मारली.

“सुसाट,” मी ओरडलो आणि पुढे गेलो.

पुढच्या फेरीला काका म्हणाले, “शेवटी शुद्धीवर होते का?”

“धरा कोणीतरी,” मी म्हणालो.

त्यांनी मावशींना धरलं.

“यांच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय,” साडू काकांना म्हणाले. तेवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

माझी पुढची फेरी फाटकापाशी आली आणि टॅक्सीतून सासरे उतरले. पोटावर हात धरून, हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी. मावशींनी किंकाळी फोडली. काका दोन पावलं मागे सरले. सासऱ्यांनी सगळ्यांवरून शांतपणे नजर फिरवली आणि मला म्हणाले, “चोक ओढा, जावईबापू.”

मी ओढला. ट्रॅक्टर घुसमटला, धापा टाकत गुलाबाच्या वाफ्यात जाऊन थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पाती मी सुरूच केली नव्हती. इतक्या फेऱ्या मारून गवताची एक काडी कापली गेली नव्हती. सगळं नुसतं आडवं झालं होतं.

मग ओट्यावर चौकशी बसली. सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी माझ्याकडे.

“मी या कानांनी ऐकलं,” त्या म्हणाल्या. “म्हातारा उघडला, गाळ निघाला, तुकडा बाहेर राहिला. आणि वर हे हसत होते. वहिनीला धक्का बसेल म्हणून तिला मी काही विचारलं नाही.”

सासरे पोटाचे टाके धरून हसले. मग त्यांनी कोण रडलं आणि किती रडलं, याची एकेकाकडे नीट विचारपूस केली. काका रडले नव्हते, हे त्यांनी लक्षात ठेवलेलं दिसलं.

आणि मग ते उठून ट्रॅक्टरजवळ गेले. कान लावून, हात फिरवून पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले.

“दवाखान्यात जाण्याआधी दोन दिवस माझ्याच्यानेही सुरू झाला नव्हता हा,” ते म्हणाले. “तुम्ही जिवंत केलात. स्प्रिंग तेवढी मी सुलटी करतो. उद्यापासून रोज सकाळी फेरी.”

माझी छाती फुगली. सगळ्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली. साडूंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

सासूबाईंनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. मला वाटलं, काहीतरी गोड देणार.

“डॉक्टरांनी त्यांना दोन महिने त्यावर बसायचं नाही म्हणून सांगितलंय,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “ऐकणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच त्या टाकीखालची पेट्रोलची तोटी बंद करून ठेवली होती.”

“कुठली तोटी?” मी म्हणालो. हाताला लागलं ते सगळंच मी फिरवलं होतं.

“बिघाड काही नव्हताच हो त्यात.”

मी खाली बसलो. “मग आई, मी दोन दिवस ओट्यावर ते सगळं घासत बसलो होतो, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

“कशाला बोलू? तुम्ही खोललंत म्हटल्यावर मी निर्धास्त झाले होते,” त्या म्हणाल्या. “आता तो पुन्हा कधी सुरू व्हायचा नाही, अशी माझी खात्रीच होती.”