सत्त्याण्णव टक्के लग्न

लीलाधरच्या दुकानात कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि अख्खी गल्ली तो बघायला लोटली होती. साक्रीत लग्नाचं शूटिंग करणारे चौघे, पण कॉम्प्युटरवर जुळवून कॅसेट देणारा एकही नाही. तो मान आपलाच, असं ठरवून लीलाधरने टायपिंग क्लासने काढून टाकलेला कॉम्प्युटर उचलून आणला. त्याच्यावर साधा अर्ज उमटायला दम लागायचा. लग्न कुठलं उमटायला!

मग धुळ्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कय्युमभाई आला. त्याने आधी रॅम बदलली. ती जुन्या बोर्डाला चालेना, म्हणून बोर्ड बदलला. नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसेना, म्हणून तोही गेला. वर तेरा जीबीची हार्ड डिस्क आणि व्हिडिओ आत ओढणारं कार्ड. एवढं सगळं तापायला लागलं तसं डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

"भाई, जुन्यातलं काय राहिलं?" लीलाधरने विचारलं.

कय्युमभाईने इकडेतिकडे पाहिलं. "कीबोर्ड है ना! और डब्बा. आधा."

पहिलं लग्न सुकदेव नानांच्या पोरीचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोर माहेरी आली की तिच्या हातात कॅसेट द्यायची, असा लीलाधरचा शब्द होता, आणि नानांनी तो गावभर सांगून ठेवला होता. शब्द मोडला तर पुढची सगळी लग्नं त्या बाकीच्या तिघांकडे जाणार, हे लीलाधरला पक्कं ठाऊक होतं.

अखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराला त्याने अख्खं लग्न जुळवायचं बटण दाबलं. मशीन म्हणालं, बावीस तास. लीलाधरचे वडील हिलाल आबा चपला बाहेर काढून आत आले.

"इतलं मोठं लगीन या डब्बामा मावी का रे?"

"मावलं, आबा. आता शिजतंय."

पडद्यावर कमळ उमललं आणि त्यातून नवरी बाहेर आली. शेजारच्या तानुबाईंनी हातच जोडले. "कमयमाईन निंघनी व माय!" मग काय, बाया पोरंबाळं घेऊन दर्शनाला यायला लागल्या. वीज तीनदा गेली, तीनदा यूपीएसने तारलं. काय मशीन होतं राव! सगळे नुसते आ वासून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा सत्त्याण्णववर आला. लीलाधरचा जीव भांड्यात पडला. "आबा, मी आंघोळ करून येतो. कोणाला हात लावू देऊ नका."

"मी बठेल शे ना!"

आणि गल्लीत मयत आली. गावातले झुलाल बापू पहाटे गेले होते. चक्की थांबली, हॉटेलातला रेडिओ बंद झाला, शिंपी मशीन सोडून उभा राहिला. आबाही हात जोडून दारात उभे राहिले. सहज मागे वळून बघतात तर पडद्यावर बदामाच्या चौकटीत नवरा-नवरी एकमेकांना जिलबी भरवतायत! आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी यूपीएसचं बटण दाबलं.

लीलाधर डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आला. "आबा! काय केलंत!"

"मयतना समोर लगीन चालू ठेवतस का रे?"

"अहो, सत्त्याण्णव टक्के झालं होतं!"

"मंग? आते तीनच राहिनं ना. लाव परत."

"तीन नाही, शंभर! सगळं पहिल्यापासून!"

आबा मटकन स्टुलावर बसले.

स्मशानातून परतताना सुकदेव नाना दुकानासमोर थांबले. आंघोळ राहिली होती, म्हणून पायरी चढले नाहीत. लीलाधरने मान खाली घालून सगळं सांगितलं. नानांनी आबांकडे पाहिलं.

"मयत जावाना टाइमले बंद करं?"

"हां."

"बेस करं. पोर आठ दिन शे आठे. मंग दे."

लीलाधरला हायसं वाटलं. पण नाना हलेनात. ते आणि झुलाल बापू लंगोटीयार. "झुलाल कितला शे रे त्यामा?"

लीलाधरचा चेहरा पडला. वरातीत झुलाल बापू अकरा मिनिटं कॅमेऱ्यासमोर नाचले होते. नवरदेव दिसेना, म्हणून लीलाधरने त्यांना असं सफाईने कापलं होतं की कोपरसुद्धा शिल्लक नव्हतं.

"नाना... मी काढलं ते."

"काढं?" नानांचा आवाज चिरकला. "त्याना फोटोबी नही रे घरमा."

"नाही नाही, गेलं नाही! मूळ शूटिंग आत आहे!" लीलाधरने मशीन चालू करून वरातीचं मूळ शूटिंग लावलं.

आणि तासाभरापूर्वी चौघांच्या खांद्यावरून गेलेला माणूस दातात रुमाल धरून नाचायला लागला. मागची माणसं रस्त्यातच थांबली. वाजंत्रीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आबांनी मशीन चालू होताच स्पीकरचा कान पिळून ठेवला होता. बापू मुकेच गिरक्या घेत होते.

"आवाज लाव रे," नाना डोळे पुसत म्हणाले. "बिगर वाजंत्रीनं कधी नाचना का तो?"

लीलाधरने वडिलांकडे पाहिलं. आबा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आवाज पूर्ण वाढवला.