गेनबाची लोकर

आमच्या वरकुट्यात गेनबाच्या दारात गेलात, तर तो रामराम घ्यायच्या आधी तुमचे हात हुंगतो. मोठा माणूस असो, नवा जावई असो, ग्रामसेवक असो. पंजा धरायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "वासाचा साबण. हितंच बसा." मग तुम्ही ओट्यावर. आत प्रवेश नाही.

आत काय, तर चीज. शेरडाच्या दुधाचं.

मी चौथीतून शाळा सोडली, पण चाळीस वर्षं मेंढरं राखली. दूध म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नाही. आमच्यात दूध नासलं की बाई मुकाट्यानं परसात ओतून येते, कुणाला सांगत नाही. आणि हा गडी रोज चांगलं धारोष्ण दूध हातानं नासवतो, फडक्यात टांगतो, मीठ चोळतो आणि त्याच्या भाकरीएवढ्या चकत्या करून महिना-महिना फळीवर ठेवतो. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही.

गेनबा माझा बांधाला बांध असलेला शेजारी. आम्ही दोघांनी एकाच साली मेंढरं विकली आणि ऊस लावला. मी उसात रमलो. तो रमला नाही. त्यानं आठ शेरडं घेतली. पुढं जळोचीला शेळ्या पाळणाऱ्यांसाठी काही शिकवणी लागली, तिथं एक परदेशी बाई चीज शिकवायला आली होती. आसपासची पुष्कळ माणसं गेली. चहा होता, जाण्यायेण्याचं भाडं होतं. चहा संपल्यावर माणसं पांगली. गेनबा एकटा तीन महिने जात राहिला. बाईला मराठी येईना, याला तिची भाषा येईना.

"मग शिकलास कसा रं?" मी विचारलं.

"ती हात धरून दाखवायची. शेरडाला कुठं भाषा येती? तरी धार देतंच की."

दूध नासून घट्ट धरायचं औषध बाई बाटलीत देऊन गेली होती. ते संपलं, तेव्हा यानं अंजिराच्या पानाचा चीक घातला. धरलं. त्या दिवशी तो गावभर असा हिंडला, जसा काही नातू झालाय.

पण गिऱ्हाईक कुठाय? गावात कुणी तोंडाला लावीना. मीही एकदा चाखून कुत्र्याला टाकलं. कुत्र्यानं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. गेनबाचा पोरगा पोपट कारखान्यात कामाला. त्यानं शेवटचं सांगितलं, "तात्या, हे कुनी इकत घेतलं तर ठीक. न्हायतर शेरडं बाजारात."

गेनबाचं उत्तर ठरलेलं. "घाई न्हाय. त्याला निजू दे."

आणि एक दिवस खरंच निरोप आला. त्या जळोचीच्या बाईच्या ओळखीतून पुण्याच्या एका हॉटेलचा माणूस माल बघायला येणार होता. पसंत पडला तर दर महिन्याला नेणार. पण त्याच आठवड्यात गेनबाची मोतीबिंदूची तारीख लागली. बारामतीच्या दवाखान्यात तीन दिवस.

जाताना तो माझ्याकडं आला. माझे हात हुंगले. "चालतंय," म्हणाला. "किसन, सकाळ-सांज फळीवरच्या प्रत्येकाची कूस बदलायची. खिडकीचं गोणपाट ओलं ठिवायचं. बाकी काय करायचं न्हाय."

मला ते 'बाकी काय करायचं न्हाय' आवडलं नाही. मला कुणी शिकवायचं?

आत गेलो तर थंडगार खोली आणि फळीवर ओळीनं चोवीस चकत्या. सगळ्यांच्या अंगावर पांढरी लव. पार बुरशी. मी मनात म्हटलं, डोळ्यानं दिसत नाही बिचाऱ्याला, त्याला कुठनं कळणार? शेरडाच्या अंगावर काही उठलं की आपण काय करतो? कोमट पाण्यानं धुतो आणि हळद-तेल लावतो. मी तेच केलं. दोन दिवस घातले. एकेक चकती धुतली, पुसली, चोळली. पिवळ्याजर्द झाल्या. मला बरं वाटलं.

गेनबा आला तो डोळ्याला हिरवी पट्टी बांधून. दारातच थांबला. मग आत जाऊन एका चकतीवरून बोट फिरवलं.

"लोकर कुठाय?" म्हणाला. एवढंच. बुरशीला तो लोकर म्हणत होता, आणि तीच महत्त्वाची होती, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरात चूक कबूल करायची चाल नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला आला. चष्मा काढून बघितलं, परत घालून बघितलं. "ह्याला हळद का लावलीय?"

पोपट लालबुंद. "कुनी केलं हे?"

मी दाराशी उभा.

"मी केलं," गेनबा म्हणाला. "आमच्यात लावत्यात."

"तुमी तर दवाखान्यात होता, तात्या."

"जायच्या आदी लावली. आता मला इचारू नगंस."

हॉटेलवाल्यानं एक तुकडा खाल्ला, पाणी मागितलं आणि कळवतो म्हणाला. त्यानं काही कळवलं नाही. पुढच्या बाजाराला पोपटनं सहा शेरडं इंदापूरला नेली. दोन गाभण होती, म्हणून राहिली.

मला उलगडा होईना. चार दिवस भाकर गोड लागली नाही. शेवटी गेलो. गेनबा खोलीत बसला होता.

"हळद मी लावली हुती," मी म्हटलं.

"ठावं हाय. तुजी बोटं उमटल्याती."

"मग नाव का न्हाय घेतलंस? तुजी शेरडं गेली की रं."

त्यानं पट्टीची कड खाजवली. "माजी मंडळी वारल्यापासनं ह्या खोलीत कुनी आलं न्हाय. सून नाक धरून दारापुढनं जाती. तू तीन दिस दोन्ही वक्त आलास, एकेकाला अंगाखांद्यावर घेतलंस. तुजं नाव घेतलं असतं, तर पोपटनं तुला पुन्यांदा उंबरा चढू दिला नसता."



त्यानं एक चकती दोऱ्यानं कापली. हळदीची कडू साल स्वतः खाल्ली आणि मधला मऊ गर माझ्या तळहातावर ठेवला.

"कसं हाय?"

"वंगाळ हाय," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून जरा पलीकडं सरकला.