दीड विटेचा समुद्र

"बाजूला! बाजूला व्हा! उजेड अडतोय!"

मी जागच्या जागी वीतभर उडालो. हातातल्या वाटीतलं अर्धं कालवण शर्टावर सांडलं. गर्जे मास्तरांच्या दारात उभा राहून मी आत हाक मारत होतो, आणि मास्तर माझ्या पाठीमागं, अंगणात होते. खुर्चीवर बसून, न्हाव्याच्या दुकानातला भलाथोरला आरसा दोन्ही हातांनी धरून, ते आरशातलं ऊन दारातून आतल्या टेबलावर सोडत होते. मधे माझी पाठ आली होती.

"मास्तर, कालवण आणलंय."

"कालवण थांबेल. ऊन थांबत नाही. सोपं आहे दिगंबर, पण तुला कळायचं नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. हायस्कुलात भूगोल शिकवताना ह्या एका वाक्यावर त्यांनी अर्धी पाथर्डी नापास केली. मला दोनदा. आता मी तहसील कचेरीत कारकून होतो, मास्तर निवृत्त होते, बायको जाऊन वर्षं लोटलेली, घरात एकटेच. अशा माणसानं भजनी मंडळात जावं, पारावर बसून सरकारला शिव्या द्याव्यात. आमच्या मास्तरांनी समुद्र पाळला.

हो, समुद्र. आमच्या तालुक्यात टँकर आला तर ढोल वाजवायचं तेवढं बाकी राहतं, आणि ह्या गृहस्थाच्या टेबलावर समुद्र! केवढा? दीड वीट लांब, एक वीट रुंद. काचेची पेटी, त्यात कळशीभरसुद्धा भरणार नाही एवढं खारं पाणी, आणि पाण्यात दगडाचं एक ढेकूळ. ढेकळावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवट फुलं. फुलं म्हटलं की मास्तर खवळायचे. "ती जनावरं आहेत! प्रवाळाची चुलत भावंडं!" मग पळी घेऊन पाणी ढवळायचे. का, तर समुद्राला लाटा असतात.

ही पेटी एक दिवस एसटीनं आली, रत्नागिरीहून. सोबत पाण्याचा निळा कॅन आणि एक चिठ्ठी. सही नाही, काही नाही. दोन ओळी: "ह्याला भरपूर उजेड लागतो. सोपं आहे, पण तुम्हाला जमायचं नाही." मास्तरांनी ती चिठ्ठी पेटीच्या पाठीमागं भिंतीला चिकटवली. कुणी पाठवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एका मूर्खानं." पण दर महिन्याला त्या मूर्खाचा निळा कॅन यायचा, आणि मास्तर दोन तास आधीच स्टँडवर जाऊन बसायचे.

त्या दिवसापासून मास्तरांना एकच वेड. ती फुलं उघडली पाहिजेत आणि उघडी राहिली पाहिजेत. आधी साठचा बल्ब लावला. काचेला शेवाळ आलं, फुलं ढिम्म. मग एकाशेजारी एक तीन ट्यूब. "ट्यूब म्हणजे चांदणं!" मास्तर गरजले. "समुद्रावर दुपार असते, दुपार!" आणि बबन मंडपवाल्याकडून लग्नातला हॅलोजन उचलून आणला.

तो दिवा मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणजे पाहिला आणि पुढं दोन दिवस दुसरं काही पाहिलं नाही. संध्याकाळी सात वाजता गल्लीतले कोंबडे आरवले. समोरच्यांचे पापड उभ्या उभ्या वाळले. देवीच्या दर्शनाला निघालेली एक जीप आमच्या गल्लीत वळली, माणसं चपला काढून उतरली आणि मंदिर कुठाय म्हणून विचारू लागली. आणि पेटीतलं पाणी? दहा मिनिटांत आंघोळीचं झालं. मास्तर पेटी छातीशी धरून मोरीकडं धावले आणि त्यांनी ती माठाखालच्या ओल्या वाळूत रुतवली. फुलं जगली. मास्तर तेवढ्यात दोन किलो उतरले.

"लहान पाण्याला मोठा दिवा सोसत नाही," ते मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं सांगू लागले. "लहान दिव्याला ही पोरं उठत नाहीत. उजेड हवा, धग नको."

तो उजेड शेवटी आकाशातून आला. नाना न्हाव्याचा मोठा आरसा मास्तरांनी गोड बोलून आणला, आणि नानाची गिऱ्हाइकं हातआरशात आळीपाळीनं एकेक गाल बघत दाढी करू लागली. पेटी ओल्या वाळूच्या परातीत, परात टेबलावर, आरसा अंगणात. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा. मधेच आत धावायचं, पाण्यात बोट बुडवायचं, कोमट लागलं की बाहेर धावून आरशाचं तोंड फिरवायचं. साठी उलटलेला माणूस दिवसभर शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या पोरासारखा पळत असे. आणि फुलं उघडली! नखाएवढी हिरवी तोंडं, कडेनं झालर. मला विचाराल तर त्याहून देखणं गवत आमच्या गटारीच्या कडेला उगवतं.

उन्हानं पाणी उडायचं, म्हणून मास्तर रोज त्यात गोडं पाणी घालायचे. शेजारच्या सखूआत्यांनी ते पाहिलं आणि गल्ली डोक्यावर घेतली.

"मानसाला आठ दिसांनी टँकर, आन् ह्यो दगडाला पानी पाजतोय!"

"मीठ उडत नाही सखूबाई, पाणी उडतं. सोपं आहे, पण तुम्हाला—"

"मला कळलं व्हय! डोकं बी उडतंय."

पण त्याच सखूआत्यांनी पुढं घोळ घातला. भर दुपारी एक माणूस उपाशीपोटी आरसा धरून एका दगडावर ऊन पाडतो, दगडाला कुणाला शिवू देत नाही, दगडाला रोज पाणी घालतो. म्हणजे तो दगड कोण? आमच्याकडं असल्या दगडाचं एकच करतात. मास्तर कॅन आणायला स्टँडवर गेले होते. आत्यांनी भक्तिभावानं पेटीत चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू वाहिलं आणि वर हात जोडले.

समुद्र केशरी झाला. फुलं मिटली.

मास्तर आले, त्यांनी पाहिलं, आणि ते ओरडले नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली. नुकत्याच आलेल्या कॅनमधलं सगळं पाणी वापरून त्यांनी ढेकूळ धुतलं, पेटी भरली आणि आरशापाशी जाऊन बसले. तीन दिवस बसले. फुलं घट्ट मिटलेली. कुणी दारात आडवं आलं तरी मास्तर गप्प. सखूआत्या येऊन म्हणाल्या, "मास्तर, चुकलं माजं. शिव्या तरी द्या." मास्तरांनी नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी माझी बायको ताट घेऊन आत गेली आणि भिंतीवरच्या चिठ्ठीसमोर थांबली. घरी येऊन मला म्हणाली, "तुम्ही इतके महिने ती चिठ्ठी बघताय ना?"

"मग?"

"सोपं आहे, पण तुम्हाला जमायचं नाही. असं बोलणारी माणसं गावात किती घरांत आहेत हो? आणि अक्षर नंदाचं आहे."

नंदा म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं रत्नागिरीच्या एका कोळ्याच्या मुलाशी परस्पर लग्न केलं, आणि ह्याच दारात उभं राहून मास्तरांनी तिला सांगितलं होतं की पुन्हा ह्या उंबऱ्यावर सावली पडू देऊ नकोस. त्यानंतर त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. गल्लीनंही घेतलं नव्हतं. मास्तरांची भीती होतीच तशी.

बायकोनं मला न विचारता रत्नागिरीला कार्ड टाकलं. तोवर चौथ्या दिवशी कडेचं एक फूल किलकिलं झालं, मग दुसरं. पण मास्तरांचे गुडघे संपले होते. तेव्हा ते पेटीजवळ बोट बुडवून बसू लागले, आणि कचेरीला दांडी मारून अंगणात आरसा कोण धरून बसला असेल? मीच. दोनदा नापास झालेला. आतून हुकूम यायचे, "डावीकडं! अरे तुझी डावी नव्हे, माझी!"

असाच एका दुपारी घाम गाळत बसलो होतो. आरशातलं ऊन बरोबर दारातून आत गेलं होतं, सगळी फुलं उघडली होती. तेवढ्यात कुणी बाई अंगणातून सरळ जाऊन दारात उभी राहिली. हातात निळा कॅन. तिची लांबच लांब सावली उंबऱ्यावरून आत, टेबलावर, पेटीवर पडली. मला दिसली फक्त पाठ. इतक्या दिवसांची सवय, मी बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"बाजूला! बाजूला व्हा! उजेड अडतोय! फुलं मिटतील!"

ती हलली नाही. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले,

"मिटू देत. परत उघडतात."