अज्ञानाची कबुली

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ‘मान्य आहे’ या बटणावर बाण नेऊन अमरीन मघापासून थांबली होती. मस्कतहून नवऱ्याने, तन्वीरने, पाठवलेली, एकमेकांना बघत बोलायच्या प्रोग्रॅमची सीडी आत घातली होती, कॅमेरा टेबलावर ठेवला होता आणि मांडीवर दहा महिन्यांची निदा होती. तिच्या बापाने तिला अजून फोटोतच पाहिलं होतं. तिकडे तन्वीर सायबर कॅफेत तासाभरासाठी जागा धरून बसला होता. बटण दाबलं की तो दिसणार होता.

पण बटणाच्या वर करार होता आणि अमरीन बी.कॉम. होती. वाचल्याशिवाय ती बाळाच्या औषधाचं बूचही उघडत नसे.

“काय लिवलंय गो एवढं?” सासूबाईंनी विचारलं.

“हे अणुभट्टी चालवायला वापरायचं नाही, अम्मी.”

“आपला गॅस धड पेटत नाय, अणुभट्टी कुठली? दाब तू!”

“आणि भांडण झालं तर खटला अमेरिकेत चालणार.”

“पालीच्या जमिनीची तारीख इथे रत्नागिरीत लागत नाय,” सासरे पेपरातून डोकं काढत म्हणाले, “अमेरिकेत कोण लावतोय?”

अमरीन पुढे वाचू लागली आणि दचकली. “अब्बा, हा करार म्हणे आपल्या वारसांवरही बंधनकारक!” तिने निदाला घट्ट धरलं. वारस म्हणजे हीच की!

अब्बांनी पेपर खाली ठेवला. “वारस? मग थांब. पालीचं लफडं असंच सुरू झालं. कबूल म्हणजे कबूल, मागनं बोंबलून उपयोग नाय.”

“पण कबूल कोणापुढे?” अम्मी म्हणाल्या. “निकाहाला पण दोन साक्षीदार लागतात. हितं समोर माणूसच नाय.”

“मी वकिलालाच विचारतो,” म्हणत अब्बांनी फोन उचलला.

२००२ साल होतं. कॉम्प्युटरला घरात पाहुण्याचा मान होता, त्याच्यावर अम्मींनी विणलेलं झाकण असायचं. इंटरनेट टेलिफोनच्याच तारेतून किंचाळत यायचं आणि कोणी रिसीव्हर उचलला की मुकाट व्हायचं. आताही तसंच झालं. वकीलसाहेब हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेले होते, एवढंच कळलं.

निदाला अम्मींकडे देऊन अमरीन टेबलाखालच्या वायरी चाचपू लागली. वर निदा आजीच्या मांडीवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तिने कीबोर्ड बडवला. पडद्यावरचा करार नाहीसा झाला.

“कोणी केलं कबूल?” अब्बा ओरडले.

“निदानं!” अम्मी म्हणाल्या.

अमरीन टेबलाखालून बाहेर आली. मग तिला कॉलेजातला कायद्याचा पेपर आठवला. “अब्बा, कायद्याने ती अज्ञान आहे, अठराच्या आतली! अज्ञानाने केलेला करार करारच नाही. सुटलो आपण!”

“अज्ञान तर आपण सगळेच,” अब्बा म्हणाले. “पण सातबाऱ्यावर अज्ञानाच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून आई लिवतात. म्हणजे अडकलीस तूच.”

यावर अमरीन काही बोलणार, तोच नंबर पुन्हा लागून मोडेम किंचाळला आणि थोड्या वेळाने पडद्यावर चौकोनाचौकोनांनी तन्वीर जमू लागला. आधी कपाळ, मग मिशी. ओठ हलायचे आणि आवाज मागून यायचा.

“ही... ही एवढी झाली?”

निदाने त्याच्या नाकावर, म्हणजे काचेवर, हात आपटला. तन्वीर हसला, मग उगाच चष्मा पुसत बसला.

“आणि उशीर किती केलात! वेळ संपत आली माझी.”

“करार वाचत होते.”

“ते कोण वाचतं गो? आज सकाळी कंपनीचा कागद आला, मी तसाच सही करून मोकळा झालो.”

“कसला कागद?”

“आणखी तीन वर्षांचा.”

अमरीन पडद्याजवळ सरकली.

“त्याची प्रत आहे तुमच्याकडे?” अमरीनने विचारलं.

“खिशात आहे.”

“काढा. वाचा.”

“अगं, पाचच मिनिटं राहिलीत...”

“मग भराभर वाचा.”

तन्वीर वाचू लागला. कोणी कोणाची तब्येत विचारली नाही. आंब्याला मोहर कसा आलाय, तेही नाही. अब्बा कानामागे हात धरून ऐकत होते. नवव्या कलमाशी तन्वीर अडखळला. “सही केल्यापासून सात दिवसांत लेखी कळवल्यास कामगारास माघार घेता...” त्याने मान वर केली. इकडे निदा कॅमेराच तोंडात घालायच्या बेतात होती.

“थांबलात का? पुढचं वाचा ना,” अमरीन म्हणाली.

“नको,” तन्वीर म्हणाला. “एवढं पुरे.”